काळ्या रेषेखालचं लायकेन: नागपुरात राहून हा विषय घ्यायचा असेल तर

जळालेल्या लाकडावरच्या लायकेनवर (बुरशी आणि शैवाल एकत्र नांदून बनलेला जीव) काम करायचंय असं म्हणणारा विद्यार्थी आला, की त्याने वाचलेलं सगळं नॉर्वे-स्वीडनचं असतं. तिथल्या पाइनच्या जंगलात कार्बोनिकोला ॲन्थ्राकोफिला, हायपोसेनोमायसी स्केलारिस अशा जाती कोळसा झालेल्या खोडांवर खवल्याखवल्यांनी वाढतात. उमरेड-कऱ्हांडला किंवा पेंचच्या बाजूला त्याच शोधत फिरलात, तर हात हलवत परत याल.

आपला वणवा जमिनीवरून पळतो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावतात, आणि सागाची वाळकी पानं ती पुढे नेतात. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतं. मोठं झाड सहसा मरत नाही, बुंधा तेवढा काळा पडतो. त्या काळ्या पट्ट्याच्या वरचं लायकेन वाचतं, खालचं भाजून जातं. सालीला चिकटून वाढणारं क्रस्टोज लायकेन वर्षाकाठी जेमतेम मिलिमीटरच्या हिशेबात पसरतं. ते सावरायच्या आत पुढचा वणवा हजर. म्हणून ‘कोळशावर कोणती जात सापडते’ हा प्रश्न इथे घेऊच नये असं माझं मत आहे. काळ्या रेषेखाली काय परत आलं, कोणत्या उंचीपर्यंत, शेवटच्या आगीनंतर किती वर्षांनी, हे विचारा.

त्यासाठी आधी जळकी साल ओळखता आली पाहिजे. वाटतं तितकं ते सोपं नाही. तेंदूची साल मुळातच काळपट, चौकोनी भेगांची. नवा माणूस ती जळकी म्हणून वहीत टिपून मोकळा होतो. ऐनाचंही तसंच. बोट ओलं करून सालीवर घासा. कोळसा असेल तर बोट काळं होतं, नुसती काळी साल असेल तर होत नाही. मग बाटलीने पाण्याचा फवारा मारा आणि दहापट भिंगातून बघा: करडा, मेल्यासारखा दिसणारा डाग जिवंत लायकेनचा असेल तर आतल्या शैवालामुळे हिरवट होतो. राख काही हिरवी होत नाही.

आगीचा इतिहास उपग्रहाच्या नोंदींतून निघतो. मोडिस आणि व्हिअर्स ही उपग्रहांवरची आग टिपणारी उपकरणं. मोडिसच्या नोंदी 2000 च्या शेवटापासून आहेत आणि सुमारे 1 किलोमीटरच्या तुकड्यांत. व्हिअर्सच्या 2012 पासून, 375 मीटरच्या. पण पानांखालून सरकणारी बारीक आग उपग्रहाला दिसत नाही. ती फायर वॉचरला माहीत असते. ‘ताई, ह्या नाल्याच्या पल्याड मागच्या सालीही आग नाई गेली’ हे वाक्य आयता नकाशा आहे, लगेच लिहून घ्या. (पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘हे सावजी मसाल्यातलं दगडफूल होय का?’ हो म्हणा, त्याच गोतावळ्यातलं आहे.)

नमुना कागदी पाकिटातच. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. कोळशाचा तुकडा भुगा होतो, म्हणून आधी टिश्यूत गुंडाळा आणि घरी आल्यावर पुठ्ठ्यावर डिंकाने बसवा. जात ओळखायला रसायन टाकून रंग बदलतो का ते बघतात, पण पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा ब्लीचचा थेंब थेट जळक्या तुकड्यावर टाकू नका, काळ्यावर रंग कळत नाही. थॅलसचा, म्हणजे लायकेनच्या अंगाचा, पापुद्रा ब्लेडने काढून पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या काचपट्टीवर घ्या. याच चाचणीतलं पॅरा-फिनिलीनडायअमीन विषारी आहे, हातमोज्यांशिवाय बाटली उघडायची नाही.

सराव मात्र शहरातच करा. मैदानी गावांत आंब्याच्या सालीवर वाढणारं पिक्सिन कोकोज अतिनील दिव्याखाली पिवळं चमकतं; सुरुवातीला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. ओळख पक्की करायला लखनौचं एनबीआरआय (राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था) किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था. दोन्हीकडे लायकेनचा संग्रह आहे.

नोकरीचं म्हणाल तर निव्वळ लायकेनच्या जागा फार थोड्या. जोडीला जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र, शिका. आगीचे नकाशे करता येणाऱ्याला वनस्पतिशास्त्राबाहेरही काम मिळतं.

परवानगीचा अर्ज पावसाळ्याच्या तोंडावरच द्या. वनभवन सिव्हिल लाइन्समध्येच आहे, तेवढी नागपूरकरांची सोय. व्याघ्र प्रकल्पात नमुने घ्यायचे तर कागद हातात पडायला वेळ लागतो, आणि ऑक्टोबर ते जानेवारी हाच कामाचा काळ. फेब्रुवारीच्या मध्यानंतर बीट गार्ड आगीमागे धावत असतो. तुमच्यासोबत झाडं मोजायला त्याला सवड नसते.