आरव्हीच्या टाक्या कशा सांभाळाव्यात (मुख्यतः ब्लॅक टँक)

अमेरिकेत आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेतलेल्या, किंवा उन्हाळ्यात भाड्याने घेऊन यलोस्टोनला निघालेल्या आपल्या मंडळींना बाकी सगळं जमतं. रस्ता आखता येतो, कॅम्पसाइटचं बुकिंग कित्येक महिने आधी करता येतं, फ्रीझरमध्ये पोळ्यांची चळत लावता येते. अडतं ते एकाच ठिकाणी, आणि चारचौघांत ते कुणी विचारत नाही: टॉयलेटच्या टाकीचं काय करायचं? मग इंटरनेटवर शोधाशोध होते. कुणी बर्फ टाका म्हणतो, कुणी ब्लीच, कुणी कपडे धुण्याची पावडर, कुणी महागडी बाटली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टाकीला पाणी लागतं, भरपूर लागतं. बाटलीतलं औषध त्याच्यानंतर, तेही हवं असेल तर. वास, तुंबणं, टाकी किती भरली हे दाखवणाऱ्या सेन्सरने खोटं सांगणं यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाण्याची कंजुषी असते.

गाडीत टाक्या तीन. फ्रेश म्हणजे वापरायच्या पाण्याची, ग्रे म्हणजे सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, ब्लॅक म्हणजे टॉयलेटची. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी आहे.

रिकामी करण्याचा क्रम

हे सोपं आहे, उगाच भीती घातली जाते. हातमोजे घाला. सीवर होज (सांडपाण्याची जाड नळी) आधी डंप स्टेशनच्या, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेच्या, भोकात नीट बसवा, मग गाडीच्या तोंडाला. गाडीचं झाकण काढताना खाली बादली ठेवा आणि तोंडासमोर उभे राहू नका. आतला व्हॉल्व्ह थोडा जरी गळत असेल तरी झाकणामागे ऐवज साठलेला असतो. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज आपोआप धुऊन निघतो. व्हॉल्व्हचा दांडा एका झटक्यात पूर्ण ओढा, अर्धवट नको. संपलं की व्हॉल्व्ह बंद, होज धुवा, झाकणं लावा.

होजच्या तोंडाशी पारदर्शक एल्बो (कोपरासारखा वाकलेला जोड) मात्र नक्की विकत घ्या. तो नसेल तर टाकी साफ झाली की नाही हे तुम्ही आवाजावरून ओळखणार, आणि आवाज फसवतो. एल्बोत आधी गढूळ लोंढा दिसतो, मग कागदाचे तुकडे, मग जरा थांबून पुन्हा एक खेप. पाणी थांबलं म्हणून घाईने व्हॉल्व्ह लावणारे या दुसऱ्या खेपेला मुकतात.

डंप स्टेशनवरच्या धुण्याच्या नळाला पिण्याच्या पाण्याचा होज कधीही लावू नका. धुण्याचा होज वेगळा, वेगळ्या रंगाचा, आणि डिकीच्या वेगळ्या कप्प्यात. याबाबत मी घरात कुणाचंही ऐकून घेत नाही.

जिथे सगळे अडकतात

आता मुख्य गोष्ट. आम्ही घेतलेली मोटरहोम जुनी होती. पहिल्या मालकाने ती बरेच महिने एका पार्कमध्ये फुल हूकअपवर (पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी लावून) उभी ठेवली होती आणि ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह कायम उघडा. घरच्या टॉयलेटसारखं आपोआप वाहून जाईल, अशी समजूत. तसं होत नाही. उघड्या व्हॉल्व्हमधून पातळ तेवढं लगेच निघून जातं; घट्ट ऐवज आणि कागद टॉयलेटच्या बरोबर खाली पडून राहतो, सुकतो आणि त्याचा ढीग वर वर चढत जातो. एक दिवस ढिगाचं टोक टॉयलेटच्या पाइपपर्यंत पोहोचतं. अमेरिकन कॅम्पवाले याला पिरॅमिड म्हणतात. आम्हाला गाडीबरोबर तो वारसाहक्काने मिळाला होता, आणि त्याने आम्हाला पुरतं जेरीस आणलं.

म्हणून नियम एक: फुल हूकअप असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या आणि मग एकदम सोडा. वाहून नेण्याचं काम लोंढा करतो, थेंब करत नाहीत. आठवड्याच्या शेवटी निघताना टाकी अर्धीच भरली असेल, तर टॉयलेटमधून बादल्या ओतून ती भरा आणि मगच सोडा.

नियम दोन: रिकामी केल्यावर टाकीत लगेच पाणी घाला. दोन गॅलन म्हणजे साधारण साडेसात लिटर तरी हवं, टाकीचा तळ पसरट असेल तर त्याहून जास्त. तळ झाकला गेला पाहिजे. भाड्याच्या गाड्यांमध्ये हे कुणी सांगत नाही, आणि पहिल्या रात्रीचा ऐवज कोरड्या प्लॅस्टिकवर पडतो.

नियम तीन: फ्लश करताना हात आखडू नका. पेडल थोडं दाबून टॉयलेटचा बोल (भांडं) आधी अर्धा भरून घ्यायचा, मग सोडायचं. आणि इथे आपल्या लोकांना एक आयता फायदा आहे. टॉयलेटमध्ये पाण्याचा मग किंवा हँड-शॉवर लागतो म्हणून आरव्हीत नेहमी कुरबूर होते. भारतातून आलेल्या आजीला "पाणी जपून हं" असं सांगितलं जातं. सांगू नका. आजी टाकीवर उपकारच करते आहे. पाणी जास्त जातं, कागद कमी जातो. टाकी एखादा दिवस आधी भरेल, एवढंच.

कागदाची पारख घरी होते. काचेच्या बरणीत पाणी घ्या, कागदाचे चार तुकडे टाका, थोड्या वेळाने हलवा. विरघळून धागे-धागे झाले तर चालेल. तुकडे जसेच्या तसे तरंगले तर तो घरच्या बाथरूमसाठी ठेवा. "आरव्हीसाठी" असं छापलेलाच कागद लागतो असं अजिबात नाही. ओले वाइप्स मात्र टाकीत कधीच नाहीत, पाकिटावर "फ्लशेबल" असं कितीही ठळक लिहिलेलं असो.

पिरॅमिड झालाच असेल तर

आधी खात्री करा. बहुतेक मोटरहोममध्ये टॉयलेट थेट टाकीवर बसवलेलं असतं, त्यामुळे पेडल दाबून टॉर्च मारली की तळ दिसतो. पाणी चमकलं तर ठीक. कोरडा, तपकिरी उंचवटा दिसला तर पुढचं वाचा.

पहिला मोह काठी घालून ढोसण्याचा होतो. आवरा. टाकी प्लॅस्टिकची असते, भिंतीतून सेन्सरचे खिळे आत आलेले असतात, आणि लोखंडी सळईने दोन्हींची वाट लागते. घरच्या तुंबलेल्या सिंकसाठी मिळणारं ड्रेन क्लीनर तर नकोच. ते सील आणि व्हॉल्व्ह खातं. उकळतं पाणीही नाही. ब्लीच तर अजिबात नाही: लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो, आणि तुमचं नाक पेडलच्या बरोबर वर असतं.

पातेल्याच्या तळाला भात लागला की आपण काय करतो? भिजत घालतो. इथेही तेच. व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकीत कोमट पाणी भरा, तीन चतुर्थांशपर्यंत. सेन्सरवर विसंबू नका, टॉर्च मारत भरा. एन्झाइमवालं औषध वापरायचं असेल तर ते याच वेळी, आणि पाणी कोमटच ठेवा, कारण जास्त गरम पाण्यात त्यातले जिवाणू मरतात. मग सोडून द्या. एक रात्र पुरत नाही. दोन-तीन दिवस गाडीकडे बघू नका.

भिजल्यावर गाडी फिरवून आणा. वळणं, ब्रेक, गतिरोधक सगळं चालेल. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाणी हिंदकळत नाही, म्हणून तर तीन चतुर्थांश. वजनाचा विचार ठेवा: 40 गॅलनच्या टाकीत 30 गॅलन पाणी म्हणजे 113 किलोच्या आसपास. तिथून थेट डंप स्टेशन.

पहिल्या खेपेला बहुधा निराशा होते. एल्बोतून चहाच्या रंगाचं पाणी जातं आणि ढीग तिथेच. पुन्हा भरा, पुन्हा भिजवा. आमच्या टाकीत फरक पडल्याचं आधी कानाला कळलं. गाडी चालू असताना मागून काहीतरी थडकन् पडल्याचा आवाज आला. त्या खेपेला एल्बोत जे दिसलं त्याचं वर्णन करत नाही, पण मी आणि बायको दोघंही टाळ्या वाजवत होतो.

ढीग मोडला की मग वाँड. नळीच्या टोकाला फिरणारं डोकं असलेली ही वस्तू टॉयलेटमधून खाली सोडतात आणि पाण्याच्या जोराने टाकीच्या भिंती धुतात. माणसं दोन लागतात: एक आत वाँड धरून, एक बाहेर एल्बोवर नजर ठेवून. व्हॉल्व्ह पूर्ण वेळ उघडा. एल्बोत पाणी नितळ दिसेपर्यंत थांबू नका.

गाडीत कंपनीने बसवलेला टँक फ्लश असेल तर काम निम्मं होतं, पण त्याच्याबद्दल एक सक्त सूचना: व्हॉल्व्ह बंद ठेवून तो चालू करून कुठेही जाऊ नका. शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायलासुद्धा नाही. टाकी भरली की पाणी वर चढतं, आणि मग ते टॉयलेटमधून किंवा छतावरच्या व्हेंटमधून बाहेर येतं. ते फक्त पाणी नसतं.

बर्फाचा उपाय? बर्फाचे तुकडे टाकून गाडी चालवली की भिंती घासल्या जातात, असं सांगतात. बर्फ तरंगतो, वितळतो, आणि घाण जिथल्या तिथे. सरबताला वापरा.

सेन्सर

टाकी रिकामी असून पॅनलवर दोन तृतीयांश दिसत असेल तर सेन्सर बिघडला असं लगेच समजू नका. भिंतीतल्या त्या खिळ्यांवर ओला कागद किंवा चिकट मळ साचला की त्यांना टाकी भरल्यासारखीच वाटते. वाँडने नीट धुतल्यावर बऱ्याचदा सुधारतं. नाही सुधारलं तर टॉर्च आहेच.

वास

टॉयलेटच्या बोलमध्ये थोडं पाणी नेहमी उभं राहायला हवं. तेच टाकीतल्या वायूला अडवतं. पाणी राहत नसेल तर तळाचं रबरी सील पुसा. त्यावर कागदाचा कपटा अडकलेला असतो, नाहीतर सील वाळलेलं असतं. आणि बाथरूमचा छताचा पंखा चालू असताना पेडल दाबू नका. पंखा हवा बाहेर ओढतो, तिची जागा घ्यायला टाकीतली हवा वर येते. आधी पंखा बंद, मग फ्लश. गाडीतल्या वासाच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतील.

ग्रे टँक

आपल्या स्वयंपाकामुळे ग्रे टँकचे हाल जास्त होतात. फोडणीचं तेल, साजूक तूप, डाळ-तांदळाची पेज हे सगळं थंड झालं की भिंतींना बसतं आणि कुजतं. कढई आधी पेपर टॉवेलने कोरडी पुसायची, मगच धुवायची. सिंकमध्ये बारीक जाळी ठेवायची. चहाची पावडर कचऱ्यात. अधूनमधून भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी भरून थोडं फिरवून आणा, आणि मग सोडा. फुल हूकअपवरही मी ग्रे बंदच ठेवतो, कारण ब्लॅकनंतर होज धुवायला ते पाणी हाताशी असावं. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये हूकअपच नाहीत, त्यामुळे तिथे ग्रेच आधी भरते. "साबणाचंच तर पाणी" म्हणून ते झाडाखाली सोडायचं नाही. राष्ट्रीय उद्यानांत त्याला मनाई आहे, आणि आमटीच्या वासाने येणारं अस्वल तुम्हाला नको आहे.

फ्रेश टँक

हंगामाच्या सुरुवातीला आणि गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर ही टाकी निर्जंतुक करायची. फिल्टर काढून ठेवा. दर 15 गॅलनला पाव कप बिनवासाचं घरगुती ब्लीच, आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओता, वर पाणी भरा. गरम-गार सगळे नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा. बारा तास ठेवा, रिकामी करा, वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुवा. ब्लीच चालतं ते इथे, फक्त इथे.

हिवाळा

पाणी गोठतं अशा भागात गाडी उभी राहणार असेल तर सगळ्या टाक्या आणि वॉटर हीटर रिकामे करा. हीटर थंड झाल्यावर आणि नळ सोडून दाब काढल्यावरच त्याचा प्लग उघडा. मग हीटर बायपास करा (त्याला वगळून पाइप जोडा), नाहीतर सहा-दहा गॅलन अँटीफ्रीझ (पाइप गोठू नयेत म्हणून घालायचा द्रव) त्यातच जाईल. अँटीफ्रीझ आरव्हीचं, गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं. कारच्या इंजिनातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपात जाता कामा नये. आरव्हीचं अँटीफ्रीझ पंपाने प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत ओढा, शॉवर आणि टॉयलेटसकट. शेवटी सिंकच्या आणि शॉवरच्या जाळीत एकेक कप ओता, आणि टॉयलेटमध्येही थोडं, म्हणजे व्हॉल्व्हचं सील ओलं राहील.