अ‍ॅब्स्ट्रॅक्ट प्रिंट घेताय? या चुका टाळा

'म्युझियम क्वालिटी' वाचून लगेच भाळू नका, तो काही सरकारी शिक्का नाहीये, कोणीही लावतं. कागद कुठला, शाई कुठली ते विचारा. अ‍ॅसिड-फ्री (म्हणजे लवकर पिवळा न पडणारा) कॉटन कागद आणि पिगमेंट शाई (रंगकणांची, सहज न उडणारी), एवढंही दुकानदाराला सांगता येत नसेल तर ते पोस्टर समजा आणि पोस्टरचेच पैसे द्या.

मी स्वतः फसलो ते साइजमध्ये. रशियन चित्रकार कांडिन्स्कीचं 'कंपोझिशन ८' (१९२३), मूळ चित्र न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये आहे, साधारण १४० बाय २०१ सेंटिमीटर. मी ऑनलाइन त्याची २४ बाय ३६ इंची, तयार फ्रेममधली प्रिंट मागवली. आता हिशोब करा, ३६ इंच रुंदीला उंची २५ च्या वर पाहिजे, म्हणजे इंचभराहून जास्त चित्र कापलेलं, आणि मला चार महिने पत्ताच नाही! माणसाचं चित्र असतं तर कापलेलं कपाळ पहिल्या दिवशी दिसलं असतं, इथे गोल आणि रेघा, कोण बघतंय? म्हणून आधी म्युझियमच्या साइटवर मूळ माप बघा आणि चारही कडा ताडून घ्या. वरची बाजू कुठली तेही बघा हं. मोंद्रियान या चित्रकाराचं 'न्यूयॉर्क सिटी १' तर म्युझियममध्येच कित्येक दशकं बहुतेक उलटं टांगलेलं होतं, हे २०२२ मध्ये बाहेर आलं, तिथे आपली काय कथा.

स्वतः फाइल देऊन प्रिंट काढणार असाल तर ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) २४ बाय ३६ ला ७२०० बाय १०८०० पिक्सेल लागतात, गूगलवरून उचललेला फोटो चालत नाही. आणि आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची प्रिंट स्वस्तात दिसली तर परवानगी आहे का विचारा, ते २००१ मध्ये गेले, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. कांडिन्स्की १९४४ मध्ये गेला, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

पावसाळ्यात प्रिंटला लाटा आल्या? बहुतेक फ्रेमवाल्याने चारही बाजू चिकटवल्यात. कागद दमट हवेत फुगतो, त्याला जागा हवी, फक्त वरून टेपने लटकवायला सांगा. काच कागदाला टेकली असेल तर तिथेच चिकटते नाहीतर बुरशीचे ठिपके येतात, मध्ये माउंट (काच दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) हवाच. भिंतीला ओल असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते.