शेडचे खांब ओतताय? पाणी मोजून घाला

गोव्यात पेडण्याकडे घरामागे लाकडं, अवजारं ठेवायला छोटी शेड करायची तर पावसाच्या आधी, एप्रिलातच खड्डे मारून घ्या. वरची लाल माती भुसभुशीत असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका, पहार मारली की ठण्ण आवाज येईपर्यंत खाली जा, चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, कातळ लागला की थांबा. भरावाची जागा असेल किंवा खाजनाकडची, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारट जमिनीची, मऊ माती असेल तर मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ओतू नका.

आता खरी गोष्ट पाण्याची. हाताने माल कालवताना फावडं जड लागतं म्हणून आपण अजून एक तांब्या, अजून एक तांब्या करत जातो आणि तिथेच काँक्रीट कमजोर होतं, ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटरच्या वर पाणी नको, रेती ओली असेल तर त्याहून कमी. माप १ सिमेंट, दीड रेती, ३ खडी. समुद्राची रेती तर अजिबात नको हां, मिठाने सळई आतून गंजते. सळईखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई जमिनीपासून वर धरणारे सिमेंटचे ठोकळे, ठेवा, चिऱ्याचा तुकडा नको, तो पाणी शोषतो. ओतताना सळईने नीट कोचत राहा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून ओलं गोणपाट गुंडाळा, किमान १० दिवस, उन्हात दुपारी हात लावून बघा, सुकलं असेल तर लगेच पाणी मारा.