स्टोइक तत्त्वज्ञान: सुरुवात कशी करावी?

काहीही होवो, चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा माणूस म्हणजे स्टोइक, हा समज आधी सोडून द्या. भावना दाबा असं स्टोइक सांगत नाहीत. रागामागे किंवा भीतीमागे आपण कोणतं मत धरून बसलोय, ते तपासा म्हणतात.

झेनो या तत्त्वज्ञाने इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये सुरू केलेली ही परंपरा आहे, पण तिचा सगळा इतिहास आधी वाचायची गरज नाही. पुस्तक मात्र नीट निवडा. बहुतेक जण थेट रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या ‘मेडिटेशन्स’ला हात घालतात आणि दहा-वीस पानांत अडकतात. ती त्याने स्वतःसाठी केलेली टिपणं आहेत. त्यांत क्रम नाही, स्पष्टीकरणही नाही. त्याआधी एपिक्टेटसचं ‘एनकायरीडिअन’ घ्या. एपिक्टेटस जन्माने गुलाम होता, पुढे मुक्त होऊन शिक्षक झाला. त्याचा शिष्य एरियन याने त्याच्या शिकवणीतून ही छोटी पुस्तिका तयार केली. रोज एखादा परिच्छेद पुरे.

पहिल्याच परिच्छेदात मुख्य विभागणी आहे: आपली मतं, इच्छा, नावड आपल्या हातात, शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद हाताबाहेर. ‘म्हणजे प्रयत्नच सोडायचे का?’ असं इथे हमखास विचारलं जातं. तर नाही. तिरंदाजाने नेम धरण्यात कसूर करायची नाही. सुटलेला बाण लागेलच, याची खात्री मात्र धरायची नाही. हा दाखला रोमन लेखक सिसेरोने नोंदवलाय.

आता सराव. एपिक्टेटस म्हणतो, कुणी झटपट आंघोळ उरकली तर ‘वाईट आंघोळ केली’ म्हणू नका, ‘झटपट केली’ म्हणा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण करून पाहा. ‘साहेबांनी माझा अपमान केला’ याऐवजी ‘साहेबांनी बैठकीत माझी चूक सांगितली’ असं लिहा. पहिल्या वाक्यात घटना आणि निवाडा एकत्र कालवलेले आहेत, दुसऱ्यात फक्त घटना आहे. निवाडा कदाचित बरोबरही असेल, पण तो आपण दिलाय हे आधी दिसायला हवं. पहिले काही आठवडे एवढंच करा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या मानसोपचार पद्धतीत एपिक्टेटसचा हाच धागा आहे. हे तत्त्वज्ञान आजच्या वाचकाला जवळचं वाटतं, त्यात या उपचारांचा मोठा वाटा आहे.

रात्री रोमन स्टोइक सेनेकाची पद्धत वापरा. दिवा मालवला, बायको बोलायची थांबली, की तो दिवसभराचं वागणं तपासायचा: आज कोणती खोड आवरली, कुठे सुधारलो? चूक सापडली की स्वतःलाच सांगायचा, यावेळी माफ, पुन्हा करू नकोस.

एक धोका मात्र आहे. हल्ली स्टोइक विचार यशस्वी होण्याची युक्ती म्हणून खपवला जातो. पण स्टोइकांच्या चार सद्गुणांत शहाणपण, धैर्य आणि संयमाबरोबर न्यायही आहे. मार्कस तर पानोपानी सर्वांच्या हिताची आठवण करून देतो. न्याय वगळणारं पुस्तक हाती आलं तर खुशाल बाजूला ठेवा.

वाईटात वाईट काय घडेल, याची आधीच कल्पना करण्याचा सराव मात्र सुरुवातीला नको. मुळात काळजी करण्याचा स्वभाव असेल तर त्याने झोपच उडायची.