मृगाआधी खताच्या गोदामाची आगोट

घरची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. लाकडं, मीठ, सुकी मासळी, सगळं मे महिन्यात आपसूक होतं. कृषी सेवा केंद्राच्या किंवा सोसायटीच्या गोदामाची आठवण मात्र युरियाचा ट्रक दारात लागल्यावर होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. मृग लागायच्या पंधरवडाभर आधी गोदाम रिकामं असतानाच ही कामं उरकून घ्या.

पहिलं काम छपराचं. भर दुपारी दारं लावून आत उभं राहा आणि वर बघा. जिथून ऊन दिसतं तिथूनच जुलैत पाणी येणार. खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचे हूक आणि वायसर आधी जातात, पत्रा नंतर. तेव्हा ते हाताने हलवून बघा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून झडप हवीच, कारण झड तिथूनच आत घुसते.

गोदाम हवेशीर ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कोकणात पावसाळ्यात हा सल्ला जसाच्या तसा पाळलात तर खत गेलं. साधारण ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलंच पाणी ओढायला लागतो, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात आर्द्रता क्वचितच त्याखाली उतरते. म्हणून पाऊस असताना दारं-खिडक्या बंद, थप्पीवर ताडपत्री. उघडीप मिळाली, कडक ऊन पडलं, की तेवढा वेळ सगळं सताड उघडं.

जमिनीवर आधी प्लास्टिक, त्यावर लाकडी फळ्या, मग पोती. जांभ्याच्या भिंतीला ओल धरते, तेव्हा थप्पी भिंतीपासून दोन फूट तरी लांब असू द्या. त्या फटीतून माणूस जाऊन मागची बाजू बघू शकला पाहिजे. थप्पी इतकीच उंच ठेवा की हमालाला पोतं वर फेकावं लागणार नाही. फार उंच रचलं तर खालच्या पोत्यांतला युरिया दगड होतो आणि ४५ किलोचं पोतं गिऱ्हाईक परत आणून टाकतं. नदीकाठी गोदाम असेल तर पुराची जुनी खूण कुठे आहे ते बघून फळ्यांची उंची ठरवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते सांगायला नको.

आता शेजाराचं, आणि खरा धोका इथेच आहे. सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण लागतं, म्हणजे खताच्या हंगामातच दुकानात मोरचूद आणि चुना येतो. अमोनियम सल्फेट किंवा डीएपीला (डायअमोनियम फॉस्फेटला) ओलसर चुना लागला की अमोनिया वायू सुटतो, डोळे झोंबतात, खोकला लागतो आणि खतातलं नत्र हवेत जातं ते वेगळंच. चुना दुसऱ्या खोलीत ठेवा. भिंतींना सफेदी करायची असेल तर ती माल यायच्या आधी करून खडखडीत वाळू द्या. विहिरींसाठी किंवा कोळंबीच्या तळ्यांसाठी ब्लीचिंग पावडर विकत असाल तर ती त्या छपराखाली नकोच: युरिया किंवा अमोनियम खतात ती मिसळली तर विषारी वायू होतात, स्फोटक संयुगही बनू शकतं. ज्या पोत्यावर नायट्रेट नत्र छापलेलं आहे, त्याच्याजवळ डिझेल, भुसा, पेंढा ठेवू नका, आणि बिडी तर दाराबाहेरच. बैरुतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० ला उडालं ते २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं. तसा माल आपल्या दुकानात नसतो, पण म्हणून निष्काळजीपणा परवडत नाही.

कोरड्या, चांगल्या ठेवलेल्या युरियाला जवळजवळ वास नसतो. सकाळी दार उघडताच नाकात झणझणलं तर समजायचं की कुठेतरी पोतं भिजलंय किंवा चुना सांडलाय. आत शिरून शोधाशोध करण्याआधी दारं उघडून थोडा वेळ बाहेर थांबा.

हमालांना पोती ओढायला लोखंडी आकडा वापरू देऊ नका, आतली प्लास्टिकची पिशवी फाटते. फुटलेल्या पोत्यातलं खत त्याच जातीच्या खतासोबत नव्या पोत्यात भरा. झाडून काढलेला युरिया आणि १५:१५:१५ हे मिश्र खत एकत्र केलात तर त्यातल्या नायट्रेटमुळे त्या ढिगाचं रात्रीत पाणी-पाणी होतं. सांडलेलं धुऊन व्हाळात, ओढ्यात सोडू नका; खाली कुणाची तरी विहीर असते. मोकाट गुरांना गोदामाकडे फिरकू देऊ नका. युरिया चाटून किंवा युरियाचं पाणी पिऊन गाय काही तासांत मरू शकते.

दाराजवळ स्वच्छ पाण्याचा पिंप आणि तांब्या कायम भरलेला असावा. डोळ्यांत खत गेलं किंवा वायूने डोळे जळायला लागले तर निदान पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडा, चोळू नका. अमोनिया अल्कली, त्यावर उतारा आंबट, म्हणून कुणी लिंबू किंवा आगळ (कोकमाचा रस) घेऊन धावत आलं तर त्याला तिथूनच परत पाठवा. दम लागत असेल तर मोकळ्या हवेत बसवा आणि १०८ ला फोन करा.

साठ्याचा आणि भावाचा फलक, पॉस मशीनमधला (विक्री नोंदवायच्या यंत्रातला) साठा आणि थप्पीतली पोती जुळली पाहिजेत. ते तुम्हाला माहीतच आहे.

राहिली रिकामी पोती. मीठ भरायला, मासळी सुकत घालायला ती मागायला कुणी ना कुणी येतंच. मिठाचे आणि खताचे दाणे सारखेच दिसतात, तेव्हा धुऊन वापरतो म्हणाले तरी देऊ नका.