तीन कोच, एक बॅट: बेसबॉलच्या हिटिंगच्या सल्ल्यांचा गुंता होऊ नये म्हणून या चुका टाळा

मंगळवारी संध्याकाळी केजमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीच्या पिंजऱ्यात, खासगी कोच सांगतो, ‘बॅट चेंडूच्या खालून वर काढ.’ शनिवारी टीमचा कोच डगआउटच्या कुंपणाला टेकून ओरडतो, ‘खाली मार, खाली!’ रविवारी मॅचमध्ये आमचे चिरंजीव प्लेटपाशी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, उभे राहिले आणि तीन स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगे तीन चेंडू, नुसते बघून बाद होऊन परत आले. बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून आवाज आला, ‘बाबा, मी नक्की कोणाचं ऐकू?’

इथे न्यू जर्सीत बारा वर्षांच्या पोराच्या मागे टीमचा कोच असतो, तासाचे पैसे घेणारा हिटिंग कोच असतो, उन्हाळी कॅम्पातला एखादा असतो. वर फोनवरचे व्हिडिओ. शिवाय घरात एक चौथा कोच असतो, त्याच्याकडे नंतर येतो. वर्षभर आम्ही बरंच चुकलो. त्यातल्या चुका खाली देतोय, म्हणजे तुमचे तरी पैसे आणि रविवार वाचतील.

चूक पहिली: कोचचे शब्द जसेच्या तसे धरणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘खाली मार’ आणि ‘वर काढ’ ही भांडणं वाटतात, पण बहुतेक वेळा ती दोन वेगळ्या दुखण्यांवरची औषधं असतात. जुलाब थांबवायची गोळी बद्धकोष्ठाच्या माणसाला दिली तर जे होईल, तेच स्विंगचं, म्हणजे बॅट फिरवण्याचं, होतं.

आधी चेंडू कसा येतो ते बघा. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, माउंड (मातीचा उंचवटा) १० इंच उंच असतो, हात त्याहून वर, आणि चेंडू प्लेटवर येतो गुडघा ते छातीच्या मध्ये. म्हणजे तो उतारावरून येतो, साधारण ५ ते १० अंशांच्या. बॅट त्या रेषेत आणायची तर ती किंचित वर चाललेली हवी. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी काढणारे, म्हणजे दहातल्या चार खेपांना हिट (बेस गाठून देणारा फटका) मारणारे, अमेरिकन खेळाडू टेड विल्यम्स हेच सांगत. मग ‘खाली मार’ म्हणणारा कोच अडाणी का? मुळीच नाही. लहान मुलाला बॅट जड होते, स्विंग सुरू होताच मागचा खांदा पडतो, बॅटचं टोक लोंबतं आणि चेंडू उंच उडून फील्डरच्या हातात जातो. अशा मुलाला ‘खाली मार’ म्हटलं की टोक लोंबायचं थांबतं आणि स्विंग सपाट होतो. प्रत्यक्षात बॅट खाली जात नाही, फक्त त्याला तसं वाटतं. मोठमोठे खेळाडूसुद्धा आपण वरून खाली मारतो असं सांगतात, आणि त्यांचाच व्हिडिओ हळू करून पाहिला तर चेंडूला लागताना बॅट वर चाललेली दिसते.

‘मागच्या पायाने किडा चिरडल्यासारखी टाच फिरव’ याचंही तसंच. पाय खिळवून नुसत्या हातांनी मारणाऱ्या सात वर्षांच्या पोराला कंबर फिरवायला शिकवायची ती युक्ती आहे. तेराव्या वर्षीही तो किडाच चिरडत बसला, तर वजन मागच्या पायावरच अडकतं. चांगल्या हिटरचा मागचा पाय चेंडू लागताना जेमतेम बोटांवर टेकलेला असतो, कधी तर जमिनीवर नसतोच.

म्हणून मुलाला एकच प्रश्न विचारायला शिकवा: ‘कोच, हे माझ्या कुठल्या चुकीसाठी?’ आमच्या खासगी कोचने यावर लगेच उत्तर दिलं: ‘तू चेंडूच्या डोक्यावर मारतोस, सगळे ग्राउंड बॉल जातात, जमिनीवरून.’ टीमच्या कोचने ज्या दिवशी ‘खाली’ म्हटलं होतं, त्या दिवशी पोराने तीन पॉप-अप, म्हणजे उंच उडालेले सोपे झेल, दिले होते. दोघेही बरोबर होते. दोघांनी बघितलेला मुलगा मात्र वेगवेगळ्या दिवशीचा होता.

चूक दुसरी: बॅट न बघणे

ही लवकर उरकतो. टोक लोंबत असेल तर स्विंग बदलण्याआधी बॅटचं वजन बघा. ३० इंचांची बॅट २० औंसांची असेल तर तिला ‘ड्रॉप १०’ म्हणतात, इंचांतून औंस वजा करून. ‘पुढच्या वर्षी पण चालेल’ म्हणून आम्ही एक साइज मोठी घेतली होती, शाळेच्या बुटांसारखी. कोचवर खर्च केलेले चार तास त्या बॅटने खाल्ले.

चूक तिसरी: एकाच स्विंगमध्ये सगळ्यांना खूश करणे

१२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ‘लिटल लीग’मध्ये पिचर ४६ फुटांवर असतो. ताशी ६० मैलांचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात प्लेटवर येतो. त्यात कोपर, टाच, खांदा, डोकं आणि मनगट एवढी यादी मोजायला वेळ कुठे? तीन स्ट्राइक नुसते बघण्याचं कारण बहुतेकदा भीती नसून ही यादी असते. सरावात एका वेळी एकच सूचना. मॅचमध्ये एकही नाही, फक्त चेंडू बघायचा.

चूक चौथी: बाबा

शिवाजी पार्कवर चार उन्हाळे काढलेल्या माणसाला कुंपणाबाहेर गप्प बसवत नाही. मी पोराला ‘सरळ बॅट’ सांगितली, ‘कोपर वर’ सांगितलं. इथे चेंडू टप्पा खात नाही आणि बॅट गोल असते, त्यामुळे सरळ बॅटचा उपयोग शून्य. क्रिकेटमधून नेण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: डोकं स्थिर ठेवणं आणि चेंडू हातातून सुटताना बघणं. चेंडू सोडण्याची कलाही कामाला येते, चार ‘बॉल’, म्हणजे टप्प्याबाहेरचे न मारलेले चेंडू, झाले की फुकट बेस मिळतो. पण दोन स्ट्राइक झाल्यावर खडूसपणा चालत नाही.

चूक पाचवी: ऐन मोसमात स्विंग बदलणे

अमेरिकन व्यावसायिक खेळाडू जे. डी. मार्टिनेझ यांनी २०१३ चा मोसम संपल्यावर स्विंग मुळापासून बदलला. मार्च २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या टीमने त्यांना सोडून दिलं, डेट्रॉइटच्या टीमने घेतलं, आणि त्या वर्षी त्यांनी .३१५ ची सरासरी काढली आणि २३ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे) मारले. लोक यातलं ‘वर काढ’ तेवढं उचलतात. आपण त्यातली वेळ बघावी: मोठी दुरुस्ती त्यांनी मोसम संपल्यावर केली. मोसमात, म्हणजे एप्रिल ते जून, टीमच्या कोचचं ऐका, बॅटिंग ऑर्डर तोच लावतो. पाया खणायचं काम हिवाळ्यात केजमध्ये.

आणि एका कोचपासून दुसरा लपवू नका. पोराला मध्ये निरोप्या करण्यापेक्षा मी दोघांना एकच तीस सेकंदांचा स्लो-मोशन व्हिडिओ पाठवला, मुलाच्या छातीच्या बाजूने, कमरेच्या उंचीवरून काढलेला. दोघांची उत्तरं शब्दांत वेगळी आणि मतलबात जवळजवळ सारखी आली.

मतभेद खराच असेल तर?

असतोही. विल्यम्स यांचा भर कमरेच्या फिरण्यावर होता. हिटिंग कोच चार्ली लाउ यांची शाळा वजन मागून पुढे नेण्यावर जोर द्यायची आणि शेवटी बॅटवरचा वरचा हात सोडायला लावायची. लाउ यांचे शिष्य जॉर्ज ब्रेट यांनी १९८० मध्ये .३९० ची सरासरी काढली. जपानमध्ये तिथले खेळाडू इचिरो यांचा लंबकासारखा पाय झुलवणारा स्विंग टीमच्या आधीच्या मॅनेजरला (मुख्य कोचला) पसंत नव्हता. १९९४ मध्ये नव्या मॅनेजरने तो तसाच राहू दिला आणि इचिरो यांनी त्या मोसमात २१० हिट केले. तेव्हा कोणता पंथ चूक आणि कोणता बरोबर हे ठरवत बसू नका. एक निवडा, दोन-तीन आठवडे द्या, आणि चेंडूला विचारा.

चेंडूला विचारायचं म्हणजे असं. कोच किंवा तुम्ही समोरून वीस चेंडू टॉस करा. केजच्या समोरच्या टोकाच्या जाळीला किती थेट लागले ते मोजा. छताला लागले तर बॅट चेंडूच्या खालून जातेय. उजव्या हाताच्या मुलाचे चेंडू सारखे डावीकडे जमिनीवर घसटत असतील तर तो लवकर मारतोय आणि मनगट गुंडाळतोय. सारखे उजवीकडे जात असतील तर उशीर होतोय. आकडा वहीत लिहा, तारखेसह. तीन आठवड्यांत आकडा हलला नाही तर कोचला वही दाखवा. चांगला कोच वही बघून सूचना बदलतो. चिडला तर कोच बदला.

आमचा आकडा सातवरून सुरू झाला. परवा बारा लागले. तेरावा छताच्या जाळीत माझ्या डोक्यावर येऊन अडकला, पोराने माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली वाकून पुढचा चेंडू उचलला.