कातळ, मुरूम, काळी माती, कंकर: इंदूरचा दगड कसा तपासावा

माळव्यात अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित असे तिन्ही खडक शोधत हिंडू नका. इंदूरच्या जमिनीखाली मुख्यतः बेसाल्टच आहे: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेलेला लाव्हा. हा एकच दगड कसकसा बदलत जातो ते नीट बघा. एवढं कळलं की निम्मं भूविज्ञान कळलं.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे नव्या विहिरीचा किंवा घराच्या पायाचा खड्डा. मालकाला विचारा आणि काठावरच्या उपशातून नमुने घ्या. खड्ड्यात उतरू नका. काळ्या मातीची उभी भिंत ओली असली की एकाएकी ढासळते. रालामंडल अभयारण्यातून दगड उचलायचे नाहीत. पातालपाणी धबधब्याचे कातळ पावसाळ्यापूर्वी बघून घ्या. पावसाळ्यात वरच्या बाजूला सर आली की डोहाचं पाणी बघता बघता चढतं.

दगडाच्या बाहेरच्या रंगावर जाऊ नका, त्यावर तपकिरी पापुद्रा चढलेला असतो. गॉगल लावून हातोड्याने फोडा; बेसाल्टच्या कपच्या फार धारदार उडतात. ताजा भाग काळसर, बारीक कणांचा दिसेल, आणि त्याच्या भुकटीतले काही कण लोहचुंबकाला चिकटतील. ते मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे.

मग घनता काढा. 200 ते 400 ग्रॅमचा तुकडा कोरडा तोला. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण भांड्याला टेकू देऊ नका. टेकला तर त्याचं वजनही काट्यावर येतं. आता दिसणारे ग्रॅम म्हणजे तुकड्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन 300 आणि हा आकडा 102 आला, तर घनता 2.94. ताजा बेसाल्ट 2.8 ते 3.0 च्या आसपास असतो. त्याहून बराच हलका निघाला तर दगड झिजलेला आहे किंवा सच्छिद्र आहे.

सच्छिद्र तुकडा बहुधा लाव्हाच्या थराच्या वरच्या भागातला: वायू वर चढला आणि दगड थिजताना तिथेच अडकला. पुढे भूजलातली खनिजं त्या पोकळ्यांत साचली. पांढरा दाणा चाकूने ओरखडला जात नसेल तर तो क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. ओरखडला जाऊन व्हिनेगरमध्ये त्याची भुकटी फसफसली तर कॅल्साइट. ओरखडला जातो पण फसफसत नाही, तर झिओलाइट असण्याची शक्यता मोठी. व्हिनेगर मंद आहे, म्हणून अख्ख्या खड्यावर थेंब टाकून निकाल लावू नका, भुकटीच करा.

आता मुरूम, म्हणजे झिजून ठिसूळ झालेला कातळ. कातळाच्या भेगांतून पाणी शिरतं. कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी हल्ला करतं, सपाट बाजूवर एकाच. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा गोळा होतो. गोळा फोडलात तर गाभा अजून काळा आणि टणक सापडेल. गाभ्याची आणि पापुद्र्याची घनता वेगवेगळी काढा. हा फरक स्वतः मोजण्यासारखा आहे.

बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते आणि तिथून काळी माती. ती चाळून लोण्याइतकी मऊ मळा, तेल लावलेल्या साच्यात 10 सेंटिमीटरची पट्टी करा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर वाकून तुकडे पडतात. ही पट्टी सहज सेंटिमीटरभर आखडते. मुरमाची फारच कमी. इमारतींच्या भिंतींना भेगा पडतात त्या याच फुगण्या-आखडण्याने.

झिजताना सुटलेलं कॅल्शियम पाण्यासोबत खाली जातं आणि मातीत कंकराचे पांढुरके गोळे बनतात. तेही भुकटी करून व्हिनेगरने तपासा. मात्र कंकरासाठी बांधकामाजवळचा नमुना घेऊ नका; सिमेंट-चुन्याचे तुकडेही तसेच फसफसतात.